मधूचा पांढरा

साळवी वहिनींचा फोन आला तेव्हा मी मधूवर रागावलेलोच होतो. सात आठवडे आम्ही बोलत नव्हतो. "भाऊजी, हे गेले हो... सकाळी चहा घेताघेता," एवढंच त्या म्हणाल्या. ठाण्यातल्या खोपटहून डोंबिवलीला त्याच्या घरी पोचेपर्यंत माझा राग उतरला नाही, उलट वाढला. भांडण अर्धवट टाकून जायची ही काय रीत झाली?

भांडण होतं प्रोजेक्टरवरून. मधू साळवी आणि मी, दोघांनी वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं शेड जुळवल्या. म्हणजे गिऱ्हाईकाने दिलेल्या नमुन्यासारखा रंग हुबेहूब करायचा. नियम असा, की पत्र्याच्या पट्टीवर रंग लावायचा, ती नमुन्याशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघायची, मगच पास. आम्ही सगळे पट्टी धरायचो. मधू नुसता बघून सांगायचा, "काळा जरा जास्त पडलाय." आणि तो खरंच पडलेला असायचा! त्या डोळ्याचा त्याला गर्व होता आणि आम्हाला हेवा.

निवृत्तीनंतर मुलाने त्याला प्रोजेक्टर घेऊन दिला आणि माझ्या रविवारांची वाट लागली. दुपारी जेवून पडदे ओढायचे, हॉलच्या भिंतीवर सिनेमा लावायचा, आणि नायिका पहिलं वाक्य बोलते न बोलते तोच हा पॉज करणार. ब्राइटनेस कमी, कॉन्ट्रास्ट जास्त, निळा दोन पॉइंट वर. इकडे वहिनींची भजी थंड व्हायची, पण नायिकेचं उघडलेलं तोंड काही मिटत नसे. तीन वर्षांत त्या घरात मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. त्यातून गेल्या वर्षभरात चित्र निळं पडत चाललेलं. माणसं गारठल्यासारखी दिसायची, ताटातला भात निळीत बुडवल्यासारखा. "पांढरा पिवळट मारतोय," म्हणत हा निळा चढवतच होता.

शेवटी मी म्हटलं, "अरे, भिंतीशेजारी एक पांढरा कागद धर आणि बघ."

"मला कागद लागत नाही, सुर्व्या."

"मग डोळे दाखव! मोतीबिंदू झालाय तुला. सगळं पिवळं तुलाच दिसतंय."

त्याने रिमोट माझ्या हातात दिला, "तूच लाव मग," म्हणाला आणि आत जाऊन झोपला. मी चपला घालून निघालो. माझं चुकलं नव्हतं... पण ज्या डोळ्यावर तो आयुष्यभर ताठ मानेने जगला, तो डोळा गेला हे वहिनींसमोर असं फाडकन बोलायला नको होतं. फोन करायला हवा होता. 'त्याने आधी करावा' म्हणत बसलो. मीही काही कमी हट्टी नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. प्रोजेक्टर लावून त्यांनी रिमोट माझ्यापुढे धरला. त्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली, मधूच्या अक्षरात: 'युजर १ – मी. युजर २ – सुर्वे.'

"तुम्ही भांडून गेलात ना, त्यानंतर रोज मला भिंतीपाशी कागद धरून उभं केलेलं," वहिनी म्हणाल्या. "सारखं विचारायचे, आता जास्त निळं काय, कागद की भिंत? आणि आता? हात भरून यायचे माझे. म्हणाले, सुर्व्या बरोबर बोलला, त्याला नीट दिसायला पाहिजे. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतलेली."

"मग मला फोन का नाही केला त्याने?"

"म्हणाले, सेटिंग पूर्ण झालं की करतो."

आता या माणसाला काय म्हणावं! अरे गाढवा, तुझं सेटिंग कधी पूर्ण झालंय का?

मी युजर २, म्हणजे माझ्या नावाने साठवलेलं सेटिंग, लावलं. भात पांढरा होता. माणसं माणसांसारखी होती. फक्त हिरवा किंचित जास्त होता.

"मधू, हिरवा उतरव रे जरा," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"तुम्हीच करा ना कमी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी रिमोट हातात घेतला... आणि तसाच खाली ठेवला. एवढ्याशा हिरव्यावर आमची अख्खी दुपार भांडण्यात गेली असती.