भिंतीतला खळगा

जुना फ्लॅट घेतला आणि रंगकामाला दामूकाकांना बोलावलं. जुना रंग खरवडून झाल्यावर त्यांनी पेटता बल्ब भिंतीलगत धरला. तिरप्या उजेडात खिडकीशेजारी एक उथळ खळगा दिसला.

"इथं कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं टेकून बसत असणार," ते म्हणाले.

मी खाली बसून डोकं टेकलं. खळग्यात ते नेमकं बसलं. मी झटकन उठलो.

"बुजवून टाका, काका."

त्यांनी दोनदा पुट्टी भरली, घासली, रंग दिला. भिंत गुळगुळीत झाली. पण माणूस गेला तरी त्याची बसायची जागा घर सोडत नसावी. गावाहून आलेल्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती रिकाम्या खोलीत थेट तिथंच जाऊन टेकली.

"भिंत उबदार लागतेय रे," ती म्हणाली. "आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी."