खुंटीवरचा बिल्ला

सोपानभाऊ गेल्याचा फोन वहिनींनी सकाळी केला आणि खरं सांगतो, आधी मला हायसंच वाटलं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठ दिवसांत एकेका श्वासासाठी त्यांची चाललेली ओढाताण बघवत नव्हती. रडू नंतर आलं... तळेगावहून कान्ह्याला त्यांच्या घरी जाताना, रिक्षात.

मी शाळेत मास्तर, ते माझे थोरले चुलतभाऊ. घाटातल्या रस्त्याचे बोगदे खोदले, तेव्हा ते खडक फोडणाऱ्या टोळीत होते. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला तोंडाशी फळीवरच्या खुंटीला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. फळी रिकामी म्हणजे सगळे सुखरूप. काम संपलं, खोड काही गेली नाही. घराच्या दाराशीही त्यांनी तशीच फळी ठोकली. इथे बाहेर जाणाऱ्याने बिल्ला अडकवायचा आणि परतला की काढून डब्यात टाकायचा. मुक्कामाला गेलो की मलाही एक मिळायचा. एकदा मी मागच्या दाराने आलो, बिल्ला तसाच ठेवून माळ्यावर जाऊन झोपलो. हा गडी मला शोधत पार कामशेत स्टेशनापर्यंत जाऊन आला! पुढे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

दोन हजार तेवीस सालच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. उशीर केलात तर भरवसा नाही, असंही बजावलं. भाऊंनी वर्षभर टोलवाटोलवी केली. आधी चंद्रावर यान उतरू दे म्हणाले. ते उतरलं, गावात पेढे वाटले गेले, मग वर्ल्ड कप निघाला. शेवटी वहिनींनी दिवाळीनंतरची तारीख घेतलीच. आणि ऐन दिवाळीत उत्तराखंडातला बोगदा ढासळला. आत एक्केचाळीस माणसं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फळीवर दोऱ्यात ओवलेली बाटल्यांची एक्केचाळीस झाकणं. ऑपरेशनची तारीख आली नि गेली. माझं डोकंच फिरलं. तुम्ही इथं मरून त्यांना काय मिळणार, असं तोंडावर बोललो. वहिनी पदर तोंडाला लावून बसलेल्या. भाऊ शांतपणे म्हणाले, "मास्तर, फळीवर बिल्लं असताना टोळीतला मानूस घरी जात न्हाई."

मध्येच आपण फायनल हरलो, अख्खं गाव सुतकात. भाऊंनी बोगद्याच्या बातम्यांवरून चॅनेलसुद्धा बदललं नव्हतं. ढिगाऱ्यातून वाट खोदणारं मोठं मशीन मोडलं तेव्हा म्हणाले, आता हातानंच व्हनार. आणि झालंही तसंच. सतराव्या दिवशी संध्याकाळी माणसं बाहेर येऊ लागली, तशी भाऊ एकेक झाकण दोऱ्यातून काढत गेले. शेवटचं काढलं आणि वहिनींना म्हणाले, पिशवी भर. डॉक्टरांनी आधी झापलं, मग ऑपरेशन केलं. दोन वर्षं जास्तीची मिळाली आम्हाला. त्यांच्या हट्टापायी तीही गेली असती.

दिवसकार्य उरकल्यावर परवा पुन्हा कान्ह्याला गेलो. फळीवर त्यांचा बिल्ला तसाच होता. दवाखान्यात निघताना, धड उभं राहवत नसताना, त्यांनी स्वतः अडकवलेला. वहिनी रोज फळी पुसतात, पण त्याला हात लावत नाहीत.

"कुनाचा हात हुईना, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमीच काढा."

मी काढला. डब्यात टाकला, तसा खणकन वाजला. वहिनींनी रिकाम्या फळीवरून पदर फिरवला.

"आले एकदाचे," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.