कानाला पोचलेला हात

लहान मूल दिसलं की गुरुजी त्याला थांबवत. स्वतःचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडत आणि म्हणत, "असं कर बघू." मुलाचा हात कानाला पोचला की खूश! "सहा पूर्ण. शाळेत घाला." आमच्या घाटकोपरात मुलं तिसऱ्या वर्षीच शाळेत जातात, हे त्यांना सांगायला कुणी धजत नसे.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. आमचे गुरुजी तळमजल्यावर मुलाकडे राहत. त्याआधी जन्मभर कोकणात, आमच्याच गावच्या शाळेत मास्तर. बाबा आणि काका त्यांच्याच हाताखाली शिकले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे तिथे जे सांगतील ते मी जरा जास्तच मनावर घेतो. इतिहासाच्या मॅडमनी कुटुंबाचा इतिहास लिहायला सांगितला. "ऐकीव नको, पुरावा हवा," म्हणाल्या. मी बाबांचा आणि काकांचा शाळेचा दाखला मिळवला. दोघांचा जन्म एक जूनचा. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून त्या काळी अर्धं गाव एक जूनलाच जन्मलं, हे मला कुठलं ठाऊक! शिवाय एक मोठा शोध लागला. दाखल्याप्रमाणे बाबा काकांपेक्षा वर्षाने मोठे होते. मी पुठ्ठ्यावर सुबक वंशावळ काढली, बाबांचं नाव आधी, काकांचं नंतर, आणि गणपतीत पाहुण्यांना दिसेल अशी भिंतीवर लावली. कौतुक होईल असं वाटलं होतं.

आमच्याकडे गणपतीची पूजा थोरले म्हणून काका करतात. त्यासाठी मुलुंडहून सकाळीच येतात. त्या वर्षीही आले, चष्मा लावून वंशावळ वाचली आणि पूजेचं ताट बाबांच्या हातात दिलं.

"कागदार तू थोरलो मां? कर पूजा."

"अरे दादा, पोराचं काय ऐकतोस!"

"पोरगो शिकलेलो आसा. माका चौथीय झेपली नाय."

ते पिशवी उचलून दाराकडे निघाले. आई मला म्हणाली, "लावलीस ना वाट?"

मी धावत खाली गुरुजींना बोलवायला गेलो आणि झाला प्रकार सांगितला. गुरुजींचे गुडघे जिन्याला तयार नव्हते, तरी ते तीन मजले चढून आले. आईने दारातच थोपवून धरलेल्या काकांना धापा टाकत म्हणाले, "तुझा हात कानाला पोचला नाही, त्याला मी काय करू? म्हणून परत पाठवला. ह्याचे हात लांब, ह्याला घेतला. तू पुढच्या वर्षी आलास. तारखा काय, मीच घातल्या."

"मग थोरलं कोण?" मी वही उघडत विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाव घालायला आले तेव्हा वहाळाला पाणी होतं. हा बुटका त्या लांबड्याला पाठीवर घेऊन आला. लांबड्याचे पाय पाण्यात लोंबत होते. पाठीवर घेतो तो धाकटा असतो का रे, गाढवा?"

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि बाबांकडून ताट मागून घेतलं.

आरती झाल्यावर बाबा माझ्या कानात म्हणाले, "मला तर मी चालत गेल्याचं आठवतंय." हे मात्र मी वहीत लिहिलं नाही.

त्यानंतर गुरुजी भेटले की विचारत, "काय संशोधक, आज कुणाला धाकटं केलंस?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून अभ्यासाची चौकशी करत. मॅडमनी मला किती गुण दिले, ते गुरुजींनाच आधी सांगावंसं वाटलं. फार नव्हते. तरी त्यांनी खिशातून गोळी काढून दिली.

यंदा गुरुजी गेले. स्मशानात फॉर्म भरायचा होता. कॉलेजात जातो म्हणून तो माझ्याच हातात आला. वय विचारलं तर त्यांच्या मुलाने एक सांगितलं आणि आधारकार्डावर दुसरंच निघालं. खिडकीतला माणूस घाई करू लागला.

काका पुढे झाले. "शहाऐंशी लिही."

कशावरून, ते मी विचारलं नाही. वळणदार अक्षरात शहाऐंशी लिहिलं आणि फॉर्म खिडकीत सरकवला.