स्तनदा मातांनी घेऊ नये

जपूनरावांनी औषध कंपनीच्या नोकरीत एकही चूक केली नाही, हे त्यांचे साहेबसुद्धा मान्य करत. औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला जो कागद असतो, तो लिहिणं हे त्यांचं काम. जपूनराव हे नाव सहकाऱ्यांनी चिडून चिकटवलेलं, पण त्यांना ती शाबासकीच वाटायची.

अंगावर पाजणाऱ्या बाईने औषध घ्यावं का, या प्रश्नापाशी ते कधी अडले नाहीत. संशोधन झालेलं नसेल तर 'घेऊ नये'. झालेलं असेल, दुधात जेमतेम अंश उतरतो आणि बाळांना काही होत नाही असं निघालं असेल, तरी 'घेऊ नये'. हात झटकायची इतकी स्वस्त सोय दुसरी नव्हती. त्या वाक्याने कुणाच्या घरात काय होतं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

मग त्यांची मुलगी बाळंत झाली. काही आठवड्यांतच ती बोलेनाशी झाली, नुसती भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टरणीने उदासीवरची गोळी दिली आणि पाजणं चालू ठेव असं बजावलं. तेवढंच तर तिला जमत होतं. बाळ छातीशी असलं की तिच्या चेहऱ्यावर जीव यायचा. पण सासूबाईंनी खोक्यातला कागद उलगडला, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि माझ्या नातवाला विष पाजणार का, असं विचारलं. मुलीने वडिलांना फोन केला. कागद त्यांच्याच हातचा होता. तपासलेल्या बाळांच्या रक्तात ही गोळी जवळजवळ सापडलीच नव्हती, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"लिहिलंय तसं कर," ते म्हणाले.

गोळी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून तिने बाळाचं अंगावरचं तोडलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. दूध पिळून मोरीत टाकताना ती ओक्साबोक्शी रडायची. बाटली सासूबाईंच्या हातात गेली आणि बाटलीबरोबर बाळही. दूध आटत चाललं.

पुढच्या तपासणीत हे ऐकून डॉक्टरणीने कपाळावर हात मारला आणि कंपनीचंच संशोधन तिच्यापुढे ठेवलं. मुलगी तिथून बाळासकट थेट वडिलांच्या घरी आली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

जपूनरावांनी समजावलं, की 'चालेल' म्हणणाऱ्याची मान अडकते, 'घेऊ नये' म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

"मी विचारतेय."

ते चष्मा पुसत बसले. तिने मग एकच गोष्ट मागितली. प्रयत्न केला तर दूध पुन्हा येईल, असं डॉक्टरीण म्हणाली होती; पण सासूबाई त्या कागदापुढे कुणाचं ऐकत नव्हत्या. ज्याने लिहिलं त्यानेच सांगावं, की गोळी घेऊन पाजलं तरी चालतं. तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"विहीणबाई," जपूनराव घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी कंपनीचा माणूस, मला यात पडता येत नाही."

मुलीने फोन हिसकावून घेतला. "आई, तो कागद माझ्या बापाने लिहिलाय. गोळीने बाळाला काही होत नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. मी आजपासून पाजणार आहे."

वडिलांना तिने आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. फोन ठेवून ती त्यांच्याच खुर्चीत बसली आणि त्यांच्याकडे पाठ करून तिने बाळाला छातीशी घेतलं. बाळ चाचपडलं, रडलं, आणि मग कसंबसं ओढू लागलं.

कागद कुणी लिहिला ते बाहेर सांगायला नको होतंस, एवढंच जपूनराव म्हणाले.