घडी मोडलेलं लुगडं

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना काही केल्या विसरत नाही. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी अकोल्याच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो.

भर दुपारी शिपायानं एका भाजीवालीला आणलं. मागोमाग कापड दुकानाचे शेठ, घामाघूम. तक्रार चोरीची, बाईनं दुकानातून लुगडं उचलून नेलं म्हणून. मी विचारायच्या आत तिनं काखेतलं कोरं लुगडं टेबलावर ठेवलं.

"चोरी कायची? माहं देऊन थ्याचं नेलं! काल घेतलेल्या लुगड्याले भोक निघालं. परवा पोरीचं लगन हाय. फाटकं नेसवू काय तिले?"

शेठ उसळले. "साहेब, दुकानात पाटी आहे. घडी मोडलेला माल परत घेत नाही. विचारा, मोडली की नाही?"

"मोडली," बाई म्हणाली. "सासूनं."

झालं! घडी मोडणं म्हणजे नवं वस्त्र पहिल्यांदा नेसणं, एवढंच मला ठाऊक. नेसलेलं लुगडं कोण परत घेईल? गुन्हा नोंदवला तर नवरीची आई कोठडीत, हेही दिसत होतं. तरी जबाब पुरता घ्यावा म्हणून विचारलं, "सासू नेसून कुठे गेली होती?"

"नेसते कायची बापा! आंधळी हाय म्हतारी. तिच्या हातानं घडी मोडाची, म्हून मांडीवर देलं. हात फिरवता फिरवता तिलेच भोक लागलं. माह्याच हातानं फाटलं म्हनते, सकाळपासून रडून राहिली."

मला गलबलून आलं. दोन पंच घेतले आणि सगळ्यांना दुकानात नेलं. खराब लुगडं मूळच्या घडीवर बसवून शेठना विचारलं, "हे कुठल्या थप्पीतलं?" त्यांनी दाखवलं. वरचं लुगडं उचललं, तर त्यालाही त्याच कोपऱ्यात भोक. खालच्यालाही. उंदरानं अख्खी थप्पी कुरतडली होती. शेठ लबाड नव्हते, पाटीच्या भरवशावर निर्धास्त होते इतकंच. त्यांनी तक्रार मागे घेतली आणि चांगलं लुगडं काढून दिलं.

बाई मात्र जागची हलेना.

"लुगडं बदलून देलं, चांगलं केलं. पन भरबाजारात मले चोट्टी म्हनलं, थे कोन वापस घेईन?"

दुकानाबाहेर ही गर्दी! शेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. मग ते गादीवरून उतरले, पायरीवर उभे राहिले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "ही बाई चोर नाही. माल माझाच खराब होता."

बाईनं पदरानं डोळे पुसले. "जातो साहेब. म्हतारीले सांगतो, तुमच्या हातानं नाई फाटलं."

ग्राहकाचे हक्क वगैरे तेव्हा कुणी ऐकले नव्हते. पुढे कायदे आले, फार बरं झालं. मी मात्र त्या दिवसापासून कुणाचाही जबाब घेताना एक प्रश्न जास्त विचारत गेलो, घरी कोण रडतंय?