खुडलेली बाभळ

महाळुंग्याला कंपनीच्या भिंतीलगत एक बाई शेळ्या चारायची. तेव्हा मी पीएच.डी. करत होतो. कारखान्यांच्या धुरामुळे बाभळीच्या पाल्यातलं तुरट टॅनिन वाढतं, हे मला सिद्ध करायचं होतं. रोज सकाळी पाला खुडायचा, कॉलेजात खलात वाटून गाळायचा आणि त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. रंग जितका काळा, तितकं टॅनिन जास्त. रंग रोज गडद होत होता आणि मी खूश होतो.

ती पदराचं टोक दातांत धरून बघत राहायची. कधी पाला चावायची, थुंकायची. एकदा म्हणाली, "मास्तर, रोज ह्याच फांदीला का झोंबता वो?"

"हाताला येते म्हणून."

"म्हून तर पाला तुरट झालाय. शेळीबी चार घास घेती आन् पुढच्या झाडाला जाती. तेवढीबी अक्कल न्हाई व्हय तुमाला?" आणि खळखळून हसली.

त्याच दिवशी मी शेजारच्या, न खुडलेल्या बाभळीचा पाला तपासला. धूर तोच, पण रंग फिका. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. मी ती परीक्षानळी धुऊन टाकली आणि त्या रस्त्याने जाणं सोडलं. त्याच प्रबंधावर नोकरी लागली.

आता तिथे गोदाम आहे. पाल्याच्या वासाच्या त्या सकाळी मात्र अजून आठवतात. वर्गात मी सांगतो, खुडलं की झाड तुरट होतं. परवा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"पुस्तकात आहे," म्हणालो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.