दत्तप्रसादच्या आवाजातली आरती

पेडण्याच्या विनोदिनीचा नवरा दत्तप्रसाद गेल्यापासून त्याच्या आवाजातली आरती संगणकावर लावूनच घरची गणपतीची चवथ होई. यंदा चवथीआधी ऐकून बघावी म्हणून ती लावताना ‘फाइल कशात उघडू?’ असं संगणकाने विचारलं. तिला पत्रं लिहायचा प्रोग्राम तेवढा ठाऊक. तिने तोच कायमचा निवडला. पडदाभर वेडीवाकडी अक्षरं आली. बाकीच्या फाइलींनाही ही कीड लागेल, या धास्तीने तिने आरती कचरापेटीसकट पुसून टाकली.

चवथीला साखळी गावाहून आलेल्या लेकीला, सेजलला, तिने हे सगळं सांगितलं. “आई गो, आरती बरी होती! गाण्यांचा प्रोग्राम परत निवडला असतास तर बाबा गायले असते.”

गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली टाळ घेऊन उभी राहिलेली माणसं सवयीने संगणकाकडे वळली.